कापा की बरका

लखनौच्या विकास नगरातल्या त्या घरात माणिक जोगळेकर एका जागी निवांत बसलेली कुणी कधी पाहिली नव्हती, पण त्या उन्हाळ्यात तर तिच्या पायाला भिंगरीच लागली होती. चहा कपात ओतता ओतता ती मागच्या दारी जायची, फणसाकडे बघायची, परत यायची, तोवर चहा गार. मग हॉलमधल्या रबराच्या झाडाची कुंडी खिडकीपासून दाराशी सरकवायची आणि जेवणाआधी पुन्हा खिडकीशी. विश्वासराव पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "अगं, त्याला तरी बसू दे की स्वस्थ!"

रबराचं झाड मूळचं भुसावळचं. लग्न होऊन माणिक तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली, तेव्हा आधीच्या साहेबांच्या बायकोने ते व्हरांड्यात सोडून दिलं होतं. रेल्वेतल्या बायकांची ही जुनी रीत. बदली झाली की कुंड्या येणाऱ्या बाईसाठी ठेवायच्या, आपल्याला पुढच्या गावी दुसरीच्या मिळतात. माणिकने ती मोडली. झाशी झालं, गोरखपूर झालं, लखनौ झालं, प्रत्येक वेळी सामान मालगाडीतून गेलं आणि रबराचं झाड डब्यात तिच्या पायांशी बसून. त्या झाडाची कसलीच तक्रार नसे. उजेड असला काय, नसला काय, पाणी आज घातलं काय, परवा घातलं काय, सारखंच. छताला टेकलं की शेंडा छाटायचा. पांढरा चीक ओघळला की चिमूटभर राख लावायची, महिन्याभरात नवं पान हजर. ना फूल, ना फळ. आलागेला पानांवरून हात फिरवून म्हणायचा, "किती छान!" आणि सोफ्यावर बसायचा.

प्रत्येक गावी माणिकचं एक वाक्य मात्र ठरलेलं: "आपण परत कधी जायचं?" ती देवरुखची. लखनौची थंडी, मोहरीचं तेल, सब्जीवाल्याची घासाघीस, पोरीचं घरात हिंदी बोलणं, सगळ्याचा राग निघायचा तो विश्वासरावांवर. माहेरचं तांब्याचं घंगाळ तिने ट्रंकेतून बाहेरच काढलं नव्हतं. "कशाला काढायचं? परत तर जायचंय," असं म्हणायची, आणि असं म्हणत म्हणत केस पांढरे झाले.

विकास नगरात घर बांधलं त्या वर्षी ती देवरुखहून आमटीसाठी फणसाच्या आठळ्या घेऊन आली. प्रवासात एकीला मोड आला. मोड आलेली आठळी आमटीत टाकवेना, म्हणून स्वयंपाकघरामागच्या मातीत खोचली आणि विसरून गेली. ती विसरली, पण फणस विसरू देईना. पहिल्याच हिवाळ्यात दव गोठून पानं काळी पडली, तर बाईसाहेब जुन्या गोणपाटाचा कोट शिवून बसल्या. मे महिन्यात लूच्या गरम झळा सुटल्या की दुपारचं पाणी, संध्याकाळचं पाणी. माहेरी जायचं म्हटलं तरी आधी याची सोय. पुढे मुळं न्हाणीघराच्या भिंतीला भिडली, भिंतीला तडा गेला. "असं हट्टी कार्टं नाही पाहिलं बाई मी," ती म्हणायची, आणि त्याच्या बुंध्यावर हात ठेवून उभी राहायची. एकदा कुठलंसं पान तुटलं तर तोच पांढरा चीक, तसाच बोटांना चिकटणारा. तिला वाटलं, हा आणि आतला, दोघे एकाच घराण्यातले दिसतात. एक कुठेही न्या, मुकाट येतो. दुसऱ्याला हलवायचं तर कुऱ्हाडच हवी.

त्या जानेवारीत विश्वासराव निवृत्त झाले, आणि त्यांनी काय केलं असेल? इतक्या वर्षांचं बायकोचं गाऱ्हाणं मनावर घेऊन गुपचूप पुण्यात फ्लॅट बघितला. लेक अनघा राहते त्याच इमारतीत, तिसरा मजला. विकास नगरचं घर घ्यायला निशातगंजचे एक प्रोफेसर तयार होते. हे सगळं त्यांनी माणिकला सांगितलं, ते लहान मुलाने लपवलेली वस्तू पुढे करावी तसं. माणिकने आधी मागच्या दाराकडे पाहिलं. पण ज्याच्यासाठी नवऱ्याच्या नाकी नऊ आणले, तेच ताटात वाढून आल्यावर नको कुठल्या तोंडाने म्हणायचं? फोनवर अनघा म्हणाली, "आई, अब तो खुश हो ना?" तिने "हो" म्हटलं आणि रिसीव्हर ठेवून सरळ मागच्या दारी गेली.

तिथे फणसाच्या खोडाला, कुंपणाच्या भिंतीच्या बाजूला, पहिलंवहिलं फळ धरलं होतं.

"हा कापा निघतो की बरका, ते कळल्याशिवाय मी इथून हलायची नाही," तिने जाहीर केलं. आता आठळीतून वाढवलेल्या फणसाची जात कुणालाच आधी सांगता येत नाही. फळ पिकून फोडावं तेव्हा कळतं, गरे करकरीत कापे की घशातून सरकणारे बरके. विश्वासराव कोकणातलेच, त्यांनाही ते पटलं. "ठीक. जूनमध्ये पिकेल. जुलैत ताबा देऊ," ते म्हणाले. झालं, माणिकला चार महिन्यांची मुदत मिळाली, आणि तिचा जीव त्या एका फळाबरोबर टांगणीला लागला. फळ वाढत होतं त्याचा आनंद करावा, तर वाढेल तसा जून जवळ येत होता.

शेजारच्या निगम भाभींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी फणस म्हणजे कटहल, आणि कटहल म्हणजे सब्जी. त्या भिंतीवरून सारख्या सांगायच्या, "भाभीजी, कटवा लीजिए. अभी नरम है. पक गया तो किस काम का?" माणिक हसून वेळ मारून न्यायची.

मे महिन्यात एका सकाळी ती बांधाबांधीसाठी सुतळी आणि गोणपाट आणायला निशातगंजला गेली. एकाच गल्लीतून तीनदा फिरली, दुकानासमोर उभी राहिली आणि काहीच न घेता दुपारी घरी आली. नेहमीप्रमाणे आधी मागच्या दारी. खोडावर फळ नव्हतं. देठाच्या जागेवरून चीक ओघळून पार मुळापर्यंत आला होता.

तिने तिथे हात दाबून धरला. तेवढ्यात भिंतीपलीकडून निगम भाभी डोकावल्या, हातात स्टीलचा डबा, चेहऱ्यावर कोण आनंद! "आप बाज़ार में थीं, भाईसाहब सो रहे थे, तो मैंने ही कटवा लिया. जाने से पहले अपने पेड़ का कटहल तो खा लीजिए. खूब मसाला डाला है."

"किसने कहा था आपको?" माणिक एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरचा कुत्रा उठून उभा राहिला. "पकने देना था! अगले साल इसको हाथ मत लगाइएगा, बता देती हूँ!"

निगम भाभी गांगरल्या. "अगले साल? पर अगले साल आप यहाँ कहाँ होंगी?"

माणिक घराकडे वळली. मागे दारात विश्वासराव बनियनवर उभे होते, डोळ्यांवरची झोप पार उडालेली.

"माणिक, पुढच्या वर्षी?"

"मला नाही जायचं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. चिकाचे हात, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"अगं, मग इतकी वर्षं माझा जीव खाल्लास तो कशासाठी?"

"तेव्हा जायचं होतं हो! खरंच जायचं होतं. आता तिसऱ्या मजल्यावर जाऊन मी काय करू? खिडकीशी बसू, आणि आल्यागेल्याने म्हणायचं, किती छान?"

विश्वासरावांनी तिच्या चिकट हातांकडे पाहिलं. मग आत गेले आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. तिचे हात हातात घेऊन एकेका बोटाचा चीक चोळून काढायला लागले. त्यांना राग आलेला होता, तो चोळण्यात कळत होता. मराठीतलं एक अक्षर न कळून निगम भाभी डबा धरून तशाच उभ्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "भाईसाहब, जा रहे हैं कि नहीं?"

विश्वासरावांनी मान वर न करता सांगितलं, "नहीं जा रहे. डिब्बा इधर दीजिए."

दोघं जेवायला बसली. माणिकने फणसाला असा कांदा-लसूण, गरम मसाला घातलेला जन्मात चालवून घेतला नव्हता. आज मुकाट जेवली, दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं. मग विश्वासराव हात धुऊन फोनकडे गेले. प्रोफेसरांना काय सांगायचं ते जुळवत होते, अनघाला काय सांगायचं ते तर सुचतच नव्हतं. नंबर फिरवता फिरवता त्यांना कुंडी घासत सरकल्याचा आवाज आला. माणिकने रबराचं झाड खिडकीपासून ओढत पार पुढच्या दारापर्यंत आणलं होतं.

"आता हे आणि कुठे?" त्यांनी विचारलं.

"अनघाला पाठवा," ती धापा टाकत म्हणाली. "ते राहील तिथे. तिला सांगा, पाणी बेताने घाल, आणि शेंडा छाटलास की राख लाव."