रायफल अडकली नव्हती

नियंत्रण रेषेवरच्या आमच्या पोस्टवर दहा जणांचं सेक्शन होतं. एक एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, आणि नऊ एसएलआर. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाते. साडेचार किलोंची, लांबलचक. तिला आजही लोक ओबडधोबड म्हणून हिणवतात. मी ती नऊ वर्षं वापरली, चिखलात आणि बर्फात. तिने मला एकदाही दगा दिला नाही. चौकशीत मी हे बोललो नाही, म्हणून आज लिहितो आहे.

सेक्शन कमांडर होते हवालदार तुकाराम भोइटे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्या संध्याकाळी १७०० वाजता त्यांनी सगळी शस्त्रं तपासली, माझंही. १८०० ला मला रायफल ग्रेनेड लावून तयार राहण्याचा हुकूम आला. त्यासाठी गॅस प्लग उलटा बसवून गॅस बंद करावा लागतो. मग गोळी सुटते, पण पुढची भरत नाही. तासाभराने हुकूम रद्द झाला. ग्रेनेड मी उतरवला. प्लग तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ०५४० ला शत्रू काटेरी तारेपर्यंत आला. माझी एक गोळी सुटली, दुसरी नाही. मी “स्टॉपेज” ओरडलो. उस्ताद त्यांच्या मोर्च्यातून, म्हणजे खंदकातून, रांगत आले. रायफल ओढून घेतली, प्लग काढून सुलटा बसवला.

“प्लग उलटा आहे, गाढवा. रायफलीला काय बोल लावतोस?”

त्याच रायफलीतून त्यांनी उरलेल्या सगळ्या गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. हल्ला मोडला. स्वतःच्या मोर्च्याकडे परतताना त्यांना गोळी लागली. ०६०५ ला मी रेडिओवर बोललो, “पोस्ट आपल्याकडे. एक शहीद. ओव्हर.”

चौकशीत मी सांगितलं, रायफल अडकली. कागदावर आलं: शस्त्र सदोष, सेक्शन कमांडरचं निरीक्षण ढिलं. उस्तादांच्या पदकाची शिफारस तिथेच थांबली. मी जबाब बदलला नाही.

गेल्या वर्षी मी आखातात, करामाला मुलीकडे राहायला आलो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अल रीम आयलंडवर राहणाऱ्या एका इंजिनिअरची ओळख झाली. संदीप भोइटे. वडील गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. माझी पलटण ऐकून म्हणाला, “काका, बाबांनी खराब रायफल पास केली होती म्हणे.”

मी तिथेच खरं सांगितलं. तो उठून गेला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला.

“शनिवारी शूटिंग रेंजवर या. मला प्रूफ पाहिजे.”

रेंजवर त्याच जातीची जुनी रायफल होती. कोच नेपाळी, माजी सैनिक. त्याच्या देखरेखीखाली मी प्लग आधी उलटा बसवला. एक गोळी सुटली, बस. मग सुलटा बसवला. कोच हसला. “यल्ला अंकल, चलो, अब दिखाओ.”

वय एकाहत्तर. खांद्याला सणसणीत धक्के. वीसपैकी वीस गोळ्या सुटल्या.

संदीपने टार्गेटकडे पाहिलंच नाही. त्याने गावी फोन लावला, स्पीकरवर. “आई, बाबांचं चेकिंग बरोबर होतं. मिस्टेक काकांची होती. ते इथेच आहेत.”



“मला कुणी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या. “सुट्टीवर आले की माझा विळासुद्धा तपासून मगच हातात द्यायचे ते.”

माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. ते योग्यच. संदीप मात्र माझा हात धरून उभा होता.

सोमवारी माझं सही केलेलं निवेदन सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलं. पहिली ओळ अशी: हवालदार तुकाराम भोइटे यांनी तपासलेली रायफल ठीक होती, आणि पोस्ट त्यांनी राखली.