भोपाळचं पाणी

"थांबा भाऊ. हवा का म्हणते ते आधी आयकू द्या."

मी कितीही घाईत असलो, कितीही तापलेला असलो, तरी कप्तान माझं पहिलं वाक्य असं मधेच अडवायचे. मग मान तिरपी करून गप उभे राहायचे. तलावाच्या पाळीवर एक बांबू रोवलेला होता आणि त्याला जुन्या कॅसेटमधली तपकिरी पट्टी बांधलेली होती. ती फरफरली की ते म्हणायचे, "हं. बोला आता."

कप्तान हे गावानं ठेवलेलं नाव. नौदलात ते साधे खलाशी होते. पेन्शन घेऊन गोंदियाकडे, कामठ्याच्या पुढे, आमच्या गावी भावाच्या घरात परत आले, ते रेल्वेच्या पार्सलमधून दोन मोडक्या होड्या घेऊनच. शिडाच्या होड्या, चौकोनी नाकाच्या, एका पोराला पुरतील एवढ्या. गावाला वाटलं, जनावरांना पाणी पाजायची टाकी आणली. मासे धरणारे ढिवर लोक आपल्या लांब डोंग्यांत बसून पोट धरून हसले. कप्तानही हसले आणि त्याच ढिवरांच्या पोरांना त्यांनी पहिल्यांदा त्या टाकीत बसवलं.

कॅसेटची पट्टी ते सगळीकडे बांधत. शिडाला, डोलकाठीला, सायकलच्या हँडलला. माझ्या मेटाडोरच्या आरशालासुद्धा त्यांनीच बांधली. मी म्हटलं, "हे कायले? मले का शर्यतीत उतरायचं आहे?" ते म्हणाले, "राहू द्या. गाडी आली का समजते." मी ती गंमत समजलो.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. मी तांदळाच्या गिरणीत पोती उचलत वर आलेला माणूस. पहिली मेटाडोर घेतली तेव्हा आधी कोऱ्या कागदावर सही गिरवून पाहिली होती. माझी मोठी पोरगी प्रणाली शाळेतून परस्पर तलावावर जाते, असं कळलं आणि मी तिला कानाला धरून आणायला निघालो. पाळीवर चढून तोंड उघडलं, तर हा माणूस म्हणतो, थांबा भाऊ. पट्टी हलायला बराच वेळ लागला. तोवर माझी पोर हवेच्या उलट्या दिशेनं, तिरकी तिरकी कापत काठाला आली होती. मला एवढंच ठाऊक होतं, की हवा जिकडे ढकलते तिकडे वस्तू जाते. माझी पोर उलटी येत होती.

त्यानंतर होड्या शर्यतीला न्यायच्या तर माझ्याच गाडीतून. भाड्याचं मी पाहायचं, पाण्याचं त्यांनी.

शर्यती बहुतेक हिवाळ्यात, आणि दोन-दोन एकाच आठवड्यात. पैसा एकीपुरताच. मी कागद घेऊन बसायचो. डिझेल, टोलनाका, पोरांची रेल्वेची सवलत, मुक्कामाची सोय. मी म्हणायचो, ही जवळची, स्वस्त पडते. ते म्हणायचे, "भाऊ, भाडं कोसावर नोका पाहू. पोट्टे पान्यावर किती वेळ राहतील, त्याच्यावर पाहा."

मी एकदा ऐकलं नाही. नागपूरच्या अलीकडे एका जलाशयावर शर्यत होती, त्याच आठवड्यातल्या भोपाळच्या शर्यतीपेक्षा अर्ध्या खर्चात. हट्टानं नेलं. तिथं हवाच आली नाही. पट्टी मेल्यासारखी लोंबत राहिली. पोरांनी काठावर बसून चिवडा संपवला, मग पोरं भेंड्या खेळली, मग एकमेकांशी भांडली. एकही शर्यत न होता आम्ही परत निघालो. गाडीत कप्तान माझ्या शेजारी बसले होते. मी वाट पाहत होतो, आता टोमणा मारतील. देवरीचा फाटा आला. मग म्हणाले, "चिवडा मात्र चांगला होता, भाऊ. कुठून घेतला?"

असा माणूस. त्यांच्यावर चिडणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं.

तरी मी चिडलो. आजही चिडलेलो आहे, म्हणून तर हे लिहितो आहे.

प्रणालीचं त्या लहान होडीतलं ते शेवटचं वर्ष होतं. वयाची अट होती, पुढच्या हिवाळ्यात ती बसली नसती. त्या साली भोपाळची शर्यत आणि मुंबईची समुद्रावरची शर्यत एकाच आठवड्यात आली. मुंबईला मोठ्या क्लबचे प्रशिक्षक पोरं निवडायला येणार होते. निवड झाली तर राहणं, खाणं, शिक्षण सगळं त्यांच्याकडे, आणि मोठ्या होडीवर तयारी. माझ्या डोळ्यासमोर दुसरं काही नव्हतं.

अडचण भाड्याची होती. मी ती सोडवली. मुंबईला जाणारा तांदूळ कोणाकडे आहे याचा गोंदियाभर शोध घेतला. एका गिरणीवाल्याशी तीन वेळा बसलो, दोन वेळा उठून आलो. तो म्हणाला, "भैया, इतना भाव तो मेरा बाप भी नहीं तोड़ता था." शेवटी ठरलं. खाली त्याचा तांदूळ, वर आमच्या होड्या, आणि येताना दुसऱ्याचा माल. मुंबई मी भोपाळपेक्षा स्वस्त करून दाखवली. आयुष्यात एवढा चांगला सौदा मी केला नव्हता.

संध्याकाळी दोन्ही शर्यतींची पत्रकं घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. मेटाडोर फाटकाशी लागली तसा आतून नेहमीचा आवाज आला, "जय भीम, भाऊ!" मी उतरण्याआधीच. नेहमी असंच. मीही नेहमीसारखा म्हणालो, "राम राम, कप्तान." प्रणाली तिथं आधीच होती, शिडाचं कापड शिवत बसलेली.

"तुम्हीच वाचा, भाऊ. तुमचा आवाज मोठा हाय," ते म्हणाले. पत्रकं नेहमी मीच वाचायचो. वाचली. मग माझा सौदा सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, गिरणीवाल्याच्या बापासकट. ते खूप हसले. मग शिडाची कड दोन बोटांत धरून चोळत बसले.

"भोपाळ," ते म्हणाले.

"काऊन?"

"तिथलं पानी मले मालूम हाय."

"अन् समुद्राचं मालूम नाही? अर्धा जन्म समुद्रावर काढला ना तुम्ही?"

"तवा पाह्यला, भाऊ."

मी प्रणालीकडे पाहिलं. ती शिवणातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, भोपाळलेच जाऊ."

मला वाटलं, पढवून ठेवली आहे. मग मी काय काय बोललो ते अंगणाबाहेर उभ्या लोकांनी ऐकलं. म्हणालो, तुम्ही भित्रे आहात. म्हणालो, आपल्या तलावातलं पोर दुसऱ्याच्या हाती जाईल म्हणून तुमच्या पोटात दुखून राहिलं. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "भाऊ, गाडी सावकाश चालवजा. रागात हाये तुम्ही."

भोपाळला मी गाडी दिली, ड्रायव्हर दिला, स्वतः गेलो नाही. प्रणाली मधल्या कुठल्या तरी नंबरावर आली. तांदूळ दुसऱ्याच्या गाडीतून एकटाच मुंबईला गेला.

त्यानंतर बोलणं बंद. तिरोड्याला वीज प्रकल्पाचं काम निघालं होतं. माझ्या गाड्या तिकडे लागल्या, एकीच्या तीन झाल्या. पोरगी शिकायला नागपूरला गेली. तलावाचा रस्ता मी सोडूनच दिला.

एकदाच भेट झाली. तिला भेट म्हणावं का, ते तुम्हीच ठरवा. गोंदियाच्या बाजारात ते समोरून येत होते. सायकल हातात धरून चालत होते. तिच्यावर बसलेलं मी त्यांना भांडणाच्या आधीही कित्येक दिवस पाहिलं नव्हतं. पाठीचा बाक वाढला होता. मला वाटलं, झालं गेलं जाऊ दे. मी रस्त्याच्या मधोमध थांबलो, हाताची घडी घालून, अगदी समोर. ठरवलं होतं, पहिला शब्द त्यांनी बोलायचा. ते दोन हातांच्या अंतरावर आले. सायकलचं चाक माझ्या चपलेला लागलं. त्यांनी सायकल बाजूला घेतली, खांब चुकवावा तशी, आणि पुढे गेले.

मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "ओळख दाखवली नाही मले. आता तो मेला तरी मी जानार नाही."

तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. मी मातीला गेलोच. मागे, लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो. ढिवरांची पोरं, आता मिशा फुटलेली, ढसाढसा रडत होती. प्रणाली नागपूरहून आली होती. घरी परतताना तीच गाडीत बोलली.

"बाबा, त्यांना दिसत नव्हतं."

"कोणाला?"

"सरांना. काचबिंदू होता. आधी कडेचं गेलं, मग समोरचंही."

तुम्ही हे केव्हाच ओळखलं असेल. मी ओळखलं नव्हतं. मूठभर तांदूळ हातात घेऊन त्यात जुना किती मिसळला ते सांगणारा मी.

"कधीपासून?"

"चिवड्याच्या शर्यतीच्या आधीपासून. एकदा मी गंमत म्हणून होडी उलटवली. ते दुसरीकडेच पाहत होते आणि शाबास, शाबास म्हणत होते. तेव्हा समजलं. मग आम्ही पोरांनी ठरवलं. वळताना ओरडायचं, उलटलं तर नाव घेऊन ओरडायचं. तुम्ही नाही का रागवायचे, पाण्यावर एवढा गोंगाट कायले म्हणून? डोंगेवालेही लक्ष ठेवायचे."

"डोंगेवाल्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना होतं, बाबा."

मी गाडी बाजूला घेतली. सगळ्यांना होतं. माझी गाडी, माझं डिझेल, माझी पोर, आणि मलाच नाही.

"मग मुंबई?"

"भोपाळला ते काठावर उभे राहायचे. तिथला काठ त्यांना पाठ होता, आमचा आवाज पोचायचा. समुद्रावर प्रशिक्षकाला मोटारबोटीतून आत जावं लागते. तिथं सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. मग पुन्हा त्यांना कोणी पाण्याजवळ उभं केलं नसतं." तिनं गाडीची काच खाली केली. "त्यांनी मला विचारलं होतं. म्हणाले, बेटा, दुसऱ्या सरांसोबत तुले मुंबईले पाठवतो, तू जा. मीच नाही म्हटलं."

"तू नाही म्हटलं? अन् मले सांगितलं नाही?"

"तुम्ही ओरडले असते. मग त्यांना गाडीत घालून नागपूरला नेलं असतं. डॉक्टरशी भाव केला असता."

"केलाच असता! कमी करून घेतला असता!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "अन् डॉक्टर म्हणाला असता, आता पाणी बंद."

तिच्यावर मी ओरडू शकलो नाही. तिनं आपलं ते एकच वर्ष त्यांना देऊन टाकलं होतं, आणि मला विचारलं नव्हतं. बापापेक्षा चांगला सौदा केला, की बुडाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता ती नागपुरात नोकरी करते. होडीचं नाव काढत नाही.

पण कप्तानांवरचा राग आहे तो आहेच. शिव्या खाल्ल्या, भित्रा म्हणवून घेतलं, पण एक शब्द सांगितला नाही. मी काय गावभर दवंडी पिटली असती? बरं, पिटलीही असती. तरी सांगायला हवं होतं.

आणि तो बाजार. ते मनातून जात नाही. एरवी फाटकाशी गाडी लागली, की मी उतरण्याआधी आतून "जय भीम, भाऊ" यायचं. आरशावरची पट्टी त्यांना माझं नाव सांगायची. त्या दिवशी ती मेटाडोर गॅरेजात होती. मी पायी होतो, आणि तोंड मिटून उभा होतो. नुसता खाकरलो असतो तरी त्यांनी सायकल थांबवली असती.

होड्या आता शाळेच्या मागे उपड्या पडल्या आहेत. बांबू कोणी तरी नेला. ती जुनी मेटाडोर मी विकली नाही, गिऱ्हाइकं येतात आणि मी त्यांना परवडणार नाही असा भाव सांगतो. कधी तलावाकडे गेलो तर ती पाळीवर नेऊन उभी करतो आणि इंजिन बंद करतो. हवा असली तर आरशावरची पट्टी फरफरते. मी दार उघडत नाही. थोडा वेळ तसाच बसतो, कोणी तरी आधी बोलेल म्हणून. मग मीच म्हणतो, "राम राम, कप्तान," चांगलं मोठ्यानं, आणि खाली उतरतो.