चार बोटं वर

आत्या खरं तर एकाचीच आत्या. भाचा पहिल्यांदा मैदानावर आला आणि सगळ्यांसमोर "आत्या, बॉल दे ना" म्हणून ओरडला, त्या दिवसापासून टीममधल्या सगळ्याच पोरापोरींची ती आत्या झाली. भाच्याने पुढे बेसबॉल सोडला, शिकायला दुसरीकडे गेला. नातं तेवढं मैदानावर राहिलं. आता पालकही तिला आत्याच म्हणतात, आणि त्यातले दोघे-तिघे तर तिच्याहून वयाने मोठे आहेत.

तीन वाजेपर्यंत तिचं दुकान. ड्रायक्लीनरच्या शेजारची अरुंद खोली, एक मशीन, एक उंच आरसा. नवीन कपडे ती शिवत नाही, फक्त दुरुस्ती करते. चेन बदलणं, कंबर आत घेणं, बाह्या आखूड करणं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ती कपड्याआधी माणूस बघते.

"उजवा खांदा खाली आहे तुमचा. बॅग त्याच खांद्याला अडकवता ना?"

गिऱ्हाईक चपापतं. काहींना राग येतो, पण परत येतात.

चार वाजता ती शाळेमागच्या मैदानावर, पोरांना बेसबॉल शिकवायला हजर. स्वतः शाळेत असताना ती दुसऱ्या बेसवर उत्तम खेळायची, बॅटिंगच्या नावाने मात्र बोंब. तिचे सर एका दमात सहा गोष्टी सांगायचे. कोपर वर, गुडघा वाकव, डोकं हलवू नकोस, आणखी काय काय. "बॉल यायच्या आधीच मी दमलेली असायचे," ती सांगते. म्हणून तिचा नियम असा, की नव्या पोराला पहिले तीन दिवस काहीही सांगायचं नाही. नुसतं बघायचं. चौथ्या दिवशी एकच गोष्ट, आणि तीही विचारून.

"आत्ता आधी काय हललं तुझं?"

"मी हललो."

"अख्खा?"

"हो, अख्खाच."

यावर ती हसत नाही. "बरं, पुन्हा मार. या वेळी बघ, पाय आधी की हात." मग पोरगं खरंच बघायला लागतं. आपल्याच अंगात एवढ्या गोष्टी एकामागून एक घडतात याचं त्याला नवल वाटतं, आणि आत्याला त्याच्याहून जास्त.

भिंगरीचं मात्र काही केल्या उमगत नव्हतं. ही अकरा वर्षांची मुलगी. बॅट फिरवली की स्वतःच गर्रकन फिरायची आणि पाठमोरी उभी राहायची, म्हणून टीमने ठेवलेलं नाव. ओळीने अकरा वेळा आऊट झाली होती. दोष उघड दिसत होता. पलंगावरून न उठता दिव्याच्या बटणापर्यंत हात लांबवावा तसे तिचे हात अंगापासून दूर जायचे. बॅट लांबचा वळसा घेऊन उशिरा पोचायची आणि मागचा खांदा खाली झुकायचा.

दोष दिसणं वेगळं, तो का होतो हे कळणं वेगळं. आत्याने तिला जाळीच्या कुंपणाला खेटून उभं केलं, म्हणजे हात लांब गेले तर बॅट जाळीवर आपटेल. कुंपणापाशी भिंगरी अगदी नीट मारायची. चार पावलं दूर आली की पहिले पाढे. काखेत रुमाल धरायला लावला, तर प्रत्येक वेळी बॉल लागायच्या आधीच रुमाल खाली पडायचा. शेवटी आत्याने शिवणाचा खडू बॉलला फासला, म्हणजे तो बॅटला कुठे लागतो ते उमटेल. जे काही लागत होते ते मुठीच्या जरा वर, बारीक भागावर. पोरगी फार जवळ उभी राहते, असं म्हणून तिला मागे सरकवलं. खांदा आणखी झुकला.

चार आठवडे झाले. रविवारी सामना होता, शनिवारी नऊ जणांची यादी लागणार होती.

"या वेळी नाव नसेल तर मी येणार नाही," भिंगरी म्हणाली. रडत वगैरे नव्हती, बुटाची नाडी बांधत शांतपणे म्हणाली. "आई म्हणते चित्रकलेचा क्लास लावू."

अशी शांतपणे गेलेली मुलं परत येत नाहीत, हे आत्याला ठाऊक होतं. अकरा वेळा आऊट झालेल्या मुलीला यादीत घालणं बाकीच्या पोरांवर अन्याय होता, हेही ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी भिंगरीचे वडील दुकानात आले. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, हातात हत्यारांची पेटी आणि पोरीची खेळाची नवी पँट.

"कंबर तेवढी आत घ्या, उंची राहू द्या. वाढतं अंग आहे."

"अहो, पायात येईल. पळायचंय तिला."

"दुमडेल की. आमच्याकडे पद्धतच आहे. बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस. स्वेटर घेतला तर हात दिसत नाहीत." ते स्वतःवरच खूश होऊन हसले. "बॅट घ्यायला गेलो तर दुकानदार छोटी काढून दाखवतोय! म्हटलं, ठेव तुझ्याकडे. चांगली कॉलेजपर्यंत चालली पाहिजे."

आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिने एकेक काढून उशीत खोचल्या.

"कोणती बॅट?"

"तीच हो. तुम्ही तर रोज बघता."

रोज बघत होती. पोरीचे पाय, गुडघे, कंबर, मान, सगळं तपासलं होतं. तिच्या हातात काय आहे ते तेवढं बघितलं नव्हतं. आखूड बाह्या आणि लोंबत्या पँटी ओळखण्यात जिचा जन्म गेला, तिला चार आठवडे मोठी बॅट दिसली नाही. आत्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी कधी एकदा चार वाजतात असंही झालं.

मैदानावर तिने बॅटची मूठ भिंगरीच्या छातीच्या मध्यावर टेकवली आणि हात बॅटला लागून सरळ करायला सांगितला. बोटं बॅटच्या टोकाला पोचायला हवी होती. मध्ये चार बोटांचं अंतर राहिलं. एवढं लांबलचक लाकूड फिरवायचं तर हात दूर जाणारच. भिंगरी बॅट फिरवत नव्हती, बॅट भिंगरीला फिरवत होती.

आत्याने टीमची आखूड बॅट पुढे केली.

"ती बारक्यांची आहे," भिंगरी म्हणाली. "आणि ही बाबाने आणलीये. त्याला काय सांगू?"

आत्याने आखूड बॅट बाजूला ठेवली. मग तिने खिशातून चिकटपट्टी काढली आणि मुठीवर, खालून चार बोटं सोडून, एक पट्टी गुंडाळली. "खालचा हात याच्या वर. वाढलीस की पट्टी खाली आणू."

वीस बॉल मारून झाले. भिंगरी एकदाही पाठमोरी झाली नाही. पण ते नुसते सरावाच्या खांबावर ठेवलेले, न हलणारे बॉल होते.

शनिवारी बॉल टाकायला पिचर समोर होता आणि कुंपणाबाहेर वडील. मुद्दाम लवकर सुटून आले होते.

"अगं, खाली धर!" ते ओरडले. "एवढी मोठी बॅट काय शोभेला आणलीये?"

भिंगरीचे हात आपोआप खाली घसरले. बॉल आला, बॅट फिरली, ती गर्रकन फिरली. पोरं हसली. आत्याने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन मोठी माणसं दोन बाजूंनी ओरडली असती तर त्या पोरीने करायचं काय?

भिंगरीने वडिलांकडे बघितलं. "बाबा, तू दोन मिनिटं गप्प बस ना!"

हात पट्टीच्या वर गेले. पुढचा बॉल तिने मारला. आवाज वेगळाच आला. बॉल जमिनीलगत सुसाट गेला, तो थेट तिसऱ्या बेसवरच्या मुलाच्या हातात. ती जीव खाऊन पळाली, पण त्याने फेकलेला बॉल तिच्याआधी पहिल्या बेसवर पोचला आणि ती आऊट झाली.

"आऊटच झाली की," म्हणत वडील फाटकातून आत आले. आत्या टाकलेल्या बॅटपाशी उकिडवी बसली होती. आजही तिने बॉलला खडू फासला होता; त्याचा ठसा बॅटच्या जाड भागावर, अगदी हवा तिथे. वडिलांनी त्यावर अंगठा टेकवला.

"इथे लागला?"

"इथे. आणि कालपर्यंत हे बघा, इथे."

त्यांनी दोन्ही ठसे निरखून बघितले. मग बॅट उचलून स्वतःच्या छातीशी टेकवली, हात लांब केला.

"मला तर बरोबर होते."

"तुम्हाला होणारच. तुमचं वाढून झालंय."

ते ओशाळं हसले. आत्याने तिथेच मांडीवर यादी लिहिली आणि फाटकाला लावली. भिंगरी धापा टाकत आली, बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली गेली. आठव्यावर बोट थांबलं.

"उद्या सातला यायचंय," ती वडिलांना म्हणाली. "आणि तू कुंपणापाशी नको. लांब बस."