मिरच्यांखालचा नानासो

उंब्रजजवळच्या आमच्या गावात धडधाकट माणसाला श्रद्धांजली वाहायचा मान माझ्याकडं जातो.

२०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामाची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पोरं माझ्या फ्लेक्सच्या दुकानात धडकली. "पप्पू, तासाभरात बोर्ड पायजे." आमच्या धंद्यात घाई असली की जुनी फाईल उघडायची. मी सव्वीस जानेवारीची उघडली. तिरंगा तयारच होता. 'शुभेच्छा' काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. मधोमध वर्दीतला नानासो, आमच्या गावचा सीआरपीएफचा जवान, तसाच राहिला. पोरांनी न बघताच बोर्ड स्टँडवर बांधला.

स्टँडसमोरच त्याच्या आईचा, अंजनाकाकूचा, मिरची कुटायचा डंक. नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं या डंकावर लेक वाढवला. भरतीच्या तयारीला तो पहाटे पळायचा आणि ही सायकलवरून मागं, तोंडात शिट्टी. डंकाच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं तिला हळू बोलता येत नाही. मयताला गेली तरी ओरडूनच सांत्वन करते.

नानासो तेव्हा काश्मीरमध्ये होता. आदल्या दुपारपासून त्याचा फोन लागत नव्हता. काकूनं सकाळपासून डंक चालू ठेवला होता, कुणाचं काही ऐकायला नको म्हणून. मग तिनं मान वर केली, तर समोर बोर्डावर नानासो.

डंक थांबला. ऐन मिरचीच्या दिवसांत तो आवाज थांबला तशी स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. मी धावत पोचलो, तर ती बोर्डाखाली बसलेली, हात कोपरापर्यंत लाल.

"समद्यांस्नी ठावं हुतं, व्हय रं? मलाच कुणी सांगितलं न्हाई."

"आवं काकू, तसं न्हाई. माजी चूक हाय. जुना फोटू ऱ्हायलाय."

"मग त्याचा फोन का लागत न्हाई?"

चूक, चूक म्हणत होतो खरा. पण ती नुसती चूकच आहे, हे मला तरी कुठं माहीत होतं?

बोर्ड उतरवला. तिचे हात मिरचीचे, म्हणून तिच्या फोनवरून नंबर मीच लावत बसलो. लागेना. दीड वाजता फोन आपणहून वाजला. मी स्पीकर चालू केला.

"आई, बरा हाय मी. दुसरीकडं हुतो. रेंज न्हवती."

काकू फोनवर वाकली. आणि ओरडली: "ह्या मुडद्यानं तुला स्टँडवर टांगलाय रं!"

पलीकडनं, "फोटू तरी बरा आलाय का?"

काकू हसली, रडली आणि डोळे पुसायला तोच हात नेला. पुढचा अर्धा तास मी तिच्या डोळ्यांवर पाणी मारत होतो.

जिवात जीव आला तसं मी म्हणालो, "पेढं आणू?"

"पेढं? चाळीस घरातला फोन वाजला न्हाई रं. दुसरा बोर्ड काढ. समदी नावं घाल, एकबी चुकायचं न्हाई."

यादी मिळाल्यावर मी एकेक नाव वाचलं, तिनं माझ्यामागून म्हटलं. लांबच्या मुलखातली नावं तिच्या जिभेवर बसेनात. अडलं की परत पहिल्यापासून. तोवर देशभक्ती म्हणजे मला जानेवारी आणि ऑगस्टचा सीझन होता. त्या संध्याकाळी बिल करायचं ध्यानातच आलं नाही.

तेव्हापासून गावचा कुणीही फौजी सुट्टी संपवून निघाला की काकू त्याच्याकडं चटणीचे दोन डबे देते. एक त्याचा, एक "ज्याची आई लांब हाय त्याला". तिथं सगळ्यांच्याच आया लांब असतात, हे तिला सांगून उपयोग नाही.

चुकीचा बोर्ड तिनंच नेला, त्यातलं 'श्रद्धांजली' कात्रीनं कापून काढलं. उन्हाळ्यात नानासो अंगणात उताणा पसरलेला असतो, अंगावर मिरच्या वाळत. "रोजची दृष्ट निघती," म्हणते.

मला शिक्षा एवढीच, की तो पेन्शनीत येईल त्या दिवशी त्याच जागी त्याच्या स्वागताचा बोर्ड मी लावायचा. यंदाही डंकापुढून जाताना हाक आलीच, "पप्प्या, बोर्ड बाकी हाय!"

"व्हय काकू."

फाईल नवी कोरी करून ठेवलीय. तारीख तेवढी तिला विचारून टाकणार.