कोठीच्या दारावरचे दहा पहिलवान

जगातले सर्वांत महान पहिलवान कोण, हा प्रश्न आमच्या घरापुरता सुटलेला आहे. उत्तर धानाच्या कोठीच्या दारावर खडूनं लिहिलेलं असतं, एक ते दहा, आणि ते पुसायचा हक्क फक्त बाबांना आहे.

हे पहिलवान मातीतले नव्हेत. टीव्हीवर दोरांच्या चौकोनात एकमेकांच्या पाठीत खुर्च्या हाणतात ना, ते. बाबांनी आयुष्यभर धान लावलं, कापलं, चुरलं म्हणजे मळलं आणि उरलेला सगळा वेळ या मंडळींना दिला. त्यांची इंग्रजी नावं काही बाबांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा बाबांनी सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं. हातात कंदील घेऊन अंधारातून येणारा, तो कंदील्या. ज्याचं पोट आधी येतं आणि माणूस मागून, तो कणग्या. आणि सगळ्यात उशिरा येऊन, टाळ्या घेऊन, काहीही न करता सोन्याचा पट्टा घेऊन जाणारा, तो सरपंच.

नंबर देण्याची बाबांची रीतही स्वतःची. उंची, वजन, किती कुस्त्या जिंकल्या, यातलं त्यांना काही नको. "चुरण्याच्या वेळी खळ्यावर कामाचा आहे का, तेवढं सांग मले." या कसोटीवर कंदील्या कायम पहिला, कारण तो मार खाऊन कुरकुरत नाही आणि उजेड घरून आणतो. कणग्या चौथा. ("दोन भारे उचलते अन् चार माणसाचं जेवते.") सरपंच दहावा. इतका नालायक आहे तर त्याला दारावर ठेवला कशाला, असं मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "शिव्या द्यायले कोणी पायजे का नाही?"

हे सगळं घरातल्या घरात गोड होतं. मग माझ्या मुलीच्या, प्राचीच्या लग्नाचं निघालं.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं, आकाशपाळणे, रात्री दंडारीची नाटकं, घरोघरी पाहुणे. मुलगी पाहायचे कार्यक्रमही त्यातच उरकतात, कारण त्यात कुणाचाच अपमान होत नाही. पाहुणे येतात ते 'मंडई पाहायला'. मुलगी पसंत पडली तर जेवायला थांबतात. नाही पडली तर चहा पिऊन उठतात आणि म्हणतात, "अजून एक मंडई पाहाची आहे जी." या वाक्याचा अर्थ आमच्याकडे प्रत्येक मुलीच्या बापाला कळतो.

खरं तर प्राची आणि निखिलचं आधीच ठरलं होतं. तो चिचगडचा. दोघंही गोंदियात एकाच दवाखान्यात कामाला, ती रक्त तपासते आणि तो औषधं देतो. आता फक्त दोन्हीकडच्या मोठ्यांना 'हे आपणच जुळवलं' असं वाटायला हवं होतं. आतली गोष्ट ठाऊक असणारे आमच्या घरात तिघंच, प्राची, तिची आई आणि मी.

"बाबा, एकच काम करा," प्राची आदल्या दिवशी मला म्हणाली. "आजोबांना फाईटचा विषय काढू देऊ नका. आत्याच्या व्याह्यांना त्यांनी खुर्ची कशी मारतात ते दाखवलं होतं. ते अजून आत्याकडे येत नाहीत."

"तू काळजीच करू नको," मी म्हणालो. (हे वाक्य मी उच्चारलं की आमच्या घरात काळजीला सुरुवात होते.)

सकाळी बाबा मंडईची दुकानं पाहायला गेल्याबरोबर मी भिंतीवरचा टीव्ही उतरवला, चादरीत गुंडाळला आणि पुढच्या खोलीतल्या नवारीच्या खाटेखाली सरकवला. त्याच खोलीत उघडणाऱ्या कोठीच्या दारावर बायकोनं मोठा टॉवेल वाळत घातला. बाबा आले, भिंतीकडे पाहिलं.

"टीवी कुठी गेला?"

"दुरुस्तीले दिला."

"बिघडला कधी?"

"बिघडणार होता."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सरपंचाचा दहावा नंबर मला मिळणार असं वाटलं. बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "अजी, म्हाताऱ्याचं मी पाहीन. तुमी फक्त आपलं तोंड बंद ठेवा."

पाहुणे दुपारी आले. निखिल, त्याची आई आणि वडील सोमाजी. सोमाजी म्हणजे मोहफुलांची पोती उचलून उचलून दाराएवढा रुंद झालेला माणूस, पण बोलणं अगदी कमी. खाटेची नवार मधोमध इतकी खाली आली होती की कुणी बसलं असतं तर थेट टीव्हीवर टेकलं असतं. म्हणून जो खाटेकडे वळेल त्याला मी दंडाला धरून खुर्चीकडे नेत होतो. "इकडे बसा जी. खुर्चीवर. नाही, खुर्चीच चांगली." निखिलची आई खाटेकडे संशयानं पाहू लागली. तिला वाटलं असणार, ढेकूण आहेत.

प्राची चहा-चिवडा ठेवून आत गेली. "धान कसं आहे?" झालं. "तुमच्याकडे पाऊस?" झालं. मग विषय संपले. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरावरून एक गिरकी मारून गेलं, ते सगळ्यांनी छताकडे बघत ऐकलं. ते परत आलं, तेही ऐकलं. सोमाजींनी कप खाली ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकले. उठायची तयारी! काहीतरी बोलायला हवं होतं, काहीही, आणि त्या घडीला माझ्या डोक्यात एकच विषय होता, कारण सकाळपासून मी तोच लपवत होतो.

"सोमाजी," मी म्हणालो, "तुम्ही टीव्हीवरची कुस्ती पाहता का?"

आत काहीतरी पितळेचं खाली पडलं.

सोमाजींचा चेहरा कुणी आत दिवा लावल्यासारखा झाला. "पाहतो? अजी, जेवण सोडून पाहतो!"

इतका वेळ कोपऱ्यात बसलेल्या बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "मंग एक नंबर कोण?"

"चौकीदार," सोमाजी म्हणाले.

"चौकीदार कोण गा?"

सोमाजी उठून, हातात कंदील धरल्यासारखं करून, अंधारात चालल्यासारखे दोन पावलं चालले. बाबांना हर्षवायू व्हायचा राहिला. "कंदील्या! हा त आमचा कंदील्या!" दोन घरांमध्ये जंगल आणि रस्ता, नावं निराळी, पण देव एकच निघाला. मला वाटलं, जमलं. आता लग्नाची तारीखच काढावी.

"अन् दोन नंबर," सोमाजी आनंदानं म्हणाले, "तो पट्टेवाला. उशिरा येते तो."

बाबांचा चेहरा पडला. "सरपंच?"

"काय डोकं आहे जी त्याचं! हात न लावता जिंकते."

"खळ्यावर काय कामाचा तो?"

"खळ्यावर कायले? त्याले मुकादम ठेवा ना."

"मुकादम? माह्या खळ्यावर?" बाबा उठले, टॉवेल ओढला आणि दारावरच्या दहाव्या नंबरावर बोट ठेवलं. सोमाजींनी चष्मा लावून सगळी दहा नावं वाचली आणि गंभीरपणे मान हलवली. "सारं उलटं लिहिलं जी तुमी."

आवाज चढायला लागले. बिचारा निखिल भला मुलगा. त्याला वाटलं, आपण शांत करावं. "आजोबा, बाबा, कायले भांडता? ते सगळं ठरवून असते. नकली मारतात ते."

मंडईतला भोंगा मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. बाबा आणि सोमाजी हळूहळू निखिलकडे वळले. एका क्षणात त्यांचं भांडण मिटलं आणि एकच शत्रू उरला.

"ठरवून असते," बाबा म्हणाले. "लग्नं बी ठरवूनच असतात ना पोरा? मंग मार का खोटा लागते?"

निखिल लाल झाला. दाराआडून बांगड्या वाजल्या.

"दाखवूनच देऊ," सोमाजी बाह्या सरसावत म्हणाले. कंदील्याचा एक ठरलेला डाव आहे. समोरच्याला पोत्यासारखा खांद्यावर घ्यायचा, एक गिरकी द्यायची आणि टाकायचा. बाबा त्याला 'पोतं' म्हणतात.

"उठ गा," बाबा मला म्हणाले.

"मी कायले?"

"तू जड आहेस. नकली असन त तुले लागणार नाही. लागलं त खरं आहे. सोपं आहे का नाही?"

इतका काटेकोर प्रयोग नाकारणार कसा? आणि मुलीचा बाप पाहुण्यांना नाही म्हणतो का? मी उठलो. सोमाजींनी मला असं उचललं की या वयातही आपल्याला कुणी उचलू शकतं, याचं क्षणभर बरंच वाटलं. खोली फिरली. मग माणूस विचारी असल्यामुळे त्यांनी टाकायला मऊ जागा शोधली आणि ते खाटेकडे वळले.

"खाटेवर नको!" मी उलट्या तोंडानं ओरडलो. "खाली टाका! जमिनीवर टाका!"

"पाहा," बाबा अभिमानानं म्हणाले. "पोरगा माहा हाये. जमीनच मांगते."

"नाही जी," सोमाजी म्हणाले, "व्याह्याले जमिनीवर कसा टाकीन?"

व्याही! त्या एका शब्दानं माझं सगळं अंग सैल पडलं, आणि सैल माणूस जास्त जड पडतो. खाट आधी करकरली, मग नवार तुटली, मग माझ्या कमरेखालून काच फुटल्याचा आवाज आला.

निखिल धावला. "काका, पायाची बोटं हलवून पाहा." बाबांनी मात्र वाकून चादरीचं टोक उचललं.

"हा त दुरुस्तीले गेला होता."

"आता जाईल," माझी बायको दारातून म्हणाली.

सोमाजींनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा खाटेत अडकलेल्या माझ्याकडे. त्यांचा तो दाराएवढा देह शरमेनं लहान झाला. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि माझ्याकडे न बघता ते वाक्य म्हणाले. "निघतो जी आमी. अजून एक मंडई पाहाची आहे."

मी खाटेच्या चौकटीत कमरेपर्यंत रुतलेलो, पाय वर. त्या अवस्थेत मुलीच्या बापानं काय समजूत घालावी? मी मान वळवून प्राचीकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग तिनं पदर खोचला, पुढे आली, माझ्या बाजूला गुडघे टेकून बसली आणि टीव्हीतल्या कुस्तीच्या पंचासारखा फरशीवर तळहात आपटला.

"एक!"

सोमाजी जागीच थांबले.

"दोन!"

"ऊठ गा," बाबा मला म्हणाले, पण मनापासून नाही.

"तीन!" प्राची उठली, सोमाजींचा हात धरून उंच केला आणि आजोबांना म्हणाली, "आजोबा, हे जिंकले. बाबा हरले. मार खरा आहे. आता जेवायला बसा, भात थंड होऊन राहिला."

सगळ्यात आधी निखिलची आई हसली, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बसा खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "मी जेवल्याशिवाय हलत नाही. आमच्या घरी बाप-लेक भेटले का भांडतात, निकाल द्यायले कोणीच नाही. हे पोरगी पायजे मले."

जेवताना बाबांनी सरपंचाला नवव्या नंबरावर आणायचं कबूल केलं. आमच्याकडे याहून मोठा हुंडा कुणी कुणाला दिलेला नाही.

उन्हाळ्यात लग्न झालं. मी सगळे विधी डॉक्टरांनी दिलेला कमरपट्टा बांधूनच केले. आता प्राची चिचगडला गेली की सोमाजी बाबांना फोन करतात आणि तिला पंच करून दोघं आपापल्या टीव्हीसमोर नंबर लावतात. (टीव्ही नवीन आहे. खाटही.) परवा कोठीच्या दाराशी उभा राहिलो तर दहाच्या खाली आणखी दोन नावं दिसली. अकरावी आमची जुनी खाट. बारावा मी.

"बाबा, खाट माझ्या वर कशी?"

बाबांनी टीव्हीवरून नजर न काढता सांगितलं, "ते तुले थोडा वेळ तरी झेलून होती. तू कोणाले झेललंस?"