फाटकातला आडवा पहारा

वडील दरबारच्या पागेत होते. त्यांच्या कामावर खूश होऊन एका सरदारांनी त्यांना मास्टिफ जातीचं पिल्लू दिलं. ह्याचे पूर्वज विलायतेत गढ्या राखायचे, असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आमच्याकडे राखायला होत्या दोन म्हशी आणि आम्ही दोघी बहिणी. वर्षभरात पिल्लू वासराएवढं झालं.

वडिलांनी त्याला एकच गोष्ट शिकवली. येणाऱ्याला येऊ द्यायचं, पण हातात काही घेऊन निघालेल्याला फाटकात अडवायचं. तो ना भुंके, ना चावे. नुसता आडवा उभा राही. धोब्याचं गाठोडं सोडवायला आक्काला जावं लागे, कारण तो ऐके फक्त माझ्या ह्या थोरल्या बहिणीचं. वडिलांना हे फार लागे. पण शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या भिंती उन्हाने तापल्या की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून त्याला आत निजवणार कोण? आक्का. वडिलांच्या जुन्या साफ्याने त्याची लाळ पुसणार कोण? तीच.

आक्काला बघायला शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हजिऱ्याहून मंडळी आली. आधीची दोन स्थळं फिसकटलेली, त्यामुळे आई धास्तावली होती. पोहे झाले, आक्काने मान खाली घालून उत्तरं दिली, आईने मुलाच्या आईची ओटी भरली. त्या नारळाचं काय होणार, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

"अहो, हा तर रस्ताच देत नाहीये!" फाटकातून मुलाच्या आईचा आवाज आला.

वडिलांनी आधी हुकूम सोडले, मग विनवण्या केल्या. तो ढिम्म. आईच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी आक्का पदर खोचून अनवाणीच धावली आणि त्याचा कान धरून म्हणाली, "पुरे हं. आपलीच माणसं आहेत." तो मुकाट बाजूला झाला. हेही स्थळ गेलं, असं मी धरून चालले.

मुलाची आई नारळ सावरत हसली. "ह्या धटिंगणाला वळण लावणारी मुलगी! आता आणखी काय बघायचं?"

लग्न झालं. पाठवणीचा टांगा निघाला, तर हा फाटकात आडवा. वडिलांनी या वेळी हुकूम सोडला नाही. ते साफ्याचं टोक डोळ्यांना लावून उभे होते. आक्का खाली उतरली. तिने कान धरला. आज नको ऐकूस, असं मी मनातल्या मनात त्याला विनवत होते.

"आपलीच माणसं आहेत," ती म्हणाली.

त्याने ऐकलं. मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता.