नसलेल्या रुळांपाशी

नेब्रास्कातल्या केसलर गावातून दक्षिणेला निघालं की धान्याच्या उंच कोठारापुढे रस्त्याला एक उंचवटा लागतो. तिथे आम्ही सगळे गाडी थांबवतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो आणि मग पुढे जातो. एके काळी तिथून रेल्वे जायची. रूळ उखडून नेले त्याला सव्वीस वर्षं झाली. थांबत राहायचं असं कुणी ठरवलं नाही. थांबणं बंद करायचं असंही कुणी ठरवलं नाही.

आडलीन कुचेराची गाडीच्या लायसन्सची परीक्षा नेमकी तिथेच अडकली.

आडलीन एकोणऐंशी वर्षांची. एकतीस वर्षं तिने आसपासच्या शेतवस्त्यांवर टपाल वाटलं, खडीच्या रस्त्यांवरून रोज ब्याऐंशी मैल. नवरा एमिल रूळ तपासायच्या कामावर होता. रूळ गेले आणि दुसऱ्या वर्षी तोही गेला. तेव्हापासून ती गावापासून नऊ मैलांवर एकटी राहते, आणि नेब्रास्कात नऊ मैलांवर राहणाऱ्या बाईला गाडी नसेल तर ती तिथे राहूच शकत नाही.

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी परका माणूस जुना फोटो घेऊन केसलरला येतो. आजोबांचं शेत कुठे होतं, पणजीची कबर कुठे आहे, असं विचारतो. कॅफेतले लोक त्याला आडलीनकडे पाठवतात. ती त्याला आपल्या पिकअपमध्ये बसवते आणि दिवसभर फिरवते, एक पैसा न घेता. मीही कितीदा तरी मागे लागून गेले आहे. नाटक कंपनीबरोबर फिरत मी या गावात आले, कंपनी इथेच बुडाली, आणि मी हार्डवेअरच्या दुकानदाराशी लग्न केलं, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा मुलूख मला दाखवला तो आडलीनने.

"ते लिलाकचं झुडूप दिसतंय?" मक्याच्या मधोमध बोट दाखवून ती विचारते. "लिलाक हे अंगणातलं फुलझाड, शेतात आपोआप येत नाही. कुणा बाईने लावलं असणार. म्हणजे तिथे दार होतं."

मग पाहुणा उतरतो आणि त्या झुडपापाशी बराच वेळ उभा राहतो. आडलीन इंजिन बंद करून थांबते. घाई करत नाही.

यंदा मेमध्ये तिचं लायसन्स संपलं. परीक्षा घ्यायला एक तरुण दर दुसऱ्या बुधवारी आमच्या गावच्या कोर्टाच्या इमारतीत येतो. डोळे ठीक निघाले, चिन्हं ओळखून झाली, गाडी रस्त्याला लागली. उंचवट्यापाशी आडलीन थांबली.

"का थांबलात?" त्याने विचारलं.

"आगगाडी येतेय का बघायला."

"इथे रूळ कुठे आहेत?"

"नाहीत. सव्वीस वर्षं झाली काढून."

"मग?"

"मग काय? थांबायचं आणि बघायचं."

भर रस्त्यात कारण नसताना थांबली म्हणून त्याने तिला नापास केलं. दोन आठवड्यांनी आणखी एक संधी होती. तेव्हाही जमलं नाही, तर ओमाहा शहरात राहणारा तिचा मुलगा तिला घेऊन जाणार होता. त्याने खोलीही बघून ठेवली होती, खिडकीतून पार्किंग दिसणारी. आणि जूनमध्ये ओरेगॉनहून दोन बहिणी पणजोबांचं मातीचं घर शोधायला येणार होत्या. आडलीनने त्यांना पत्राने शब्द दिला होता.

कॅफेत तिची भरपूर थट्टा झाली. कोठारावर काम करणारा लिरॉय मुरंबा भरलेला कोलाचे पाव खाता खाता म्हणाला, "आडलीन, त्या पोराला सांगायचंस ना, आगगाडीला जरा उशीर झालाय!"

"तू रोज थांबतोस तिथे, गाढवा."

"मी कुठे नापास झालो?"

मी तिला बाहेर ओढलं. "चल. तालीम करू."

"कसली तालीम, नाटकवाले? साठ वर्षं गाडी चालवतेय मी."

"चालवायची नाही. न थांबायची."

लायसन्स नव्हतं, म्हणून तालीम माझ्या नवऱ्याच्या दुकानामागच्या आवारात झाली. जमिनीवर खडूने दोन रेघा मारल्या. नाटकात आम्ही असंच करायचो. भिंती उभ्या राहण्याआधी त्या जमिनीवर आखायच्या आणि नट त्यांना वळसा घालून चालायला शिकायचे. मला इथे उलटं शिकवायचं होतं. भिंत नाही, सरळ चालत जा.

पहिल्या दिवशी अकरा वेळा गाडी आणली, अकराही वेळा तिचा पाय ब्रेकवर गेला.

"अगं, खडू आहे तो!"

"ठाऊक आहे मला. पायाला सांग."

चौथ्या दिवशी ती स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली. "एमिल रुळांपाशी उजव्या हाताला उभा असायचा," ती म्हणाली. "हातोडा घेऊन. मी टपाल घेऊन आले की टोपी काढायचा. नवराच तो, तरी टोपी काढायचा."

मग मला नाटकातली जुनी युक्ती आठवली. पाय अडखळत असेल तर तोंड कामाला लावायचं.

"टपालपेट्यांवरची नावं सांग मला. पहिलीपासून, ओळीने."

"कशाला?"

"सांग तर."

"श्टेपान. व्हॉगेल. दोन नंबरचा व्हॉगेल, तो भांडकुदळ. नोव्होत्नी. विधवा लिंडग्रेन..." निम्मी माणसं कधीच गेली होती. पण यादी सुरू झाली की ती मध्ये थांबत नसे, टपाल वाटणं अर्धं सोडत नसे तशीच. लिंडग्रेनपाशी आम्ही खडू ओलांडला.

परीक्षेच्या बुधवारी मी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसले होते. अर्ध्या तासाने पिकअप परतली. तरुण आधी उतरला. "या बाई सगळा वेळ कुणाकुणाची नावं घेत होत्या," तो मला म्हणाला. "पण चालवतात चांगलं." फक्त दिवसाउजेडी गाडी चालवायची, या अटीवर त्याने कागद दिला.

"अंधारात मी कधी गेलेय कुठे?" आडलीन म्हणाली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मला जेवायला घरी घेऊन जाते म्हणाली. आम्ही दक्षिणेला निघालो. उंचवटा आला. तिने गाडी थांबवली.

"आडलीन!"

"कागद पर्समध्ये आहे ना?" ती म्हणाली. "मग आता मला नीट चालवू दे."

तिने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. उजवीकडे जरा जास्त वेळ. मागे लिरॉयचा ट्रक येऊन उभा राहिला. त्याने हॉर्न वाजवला नाही.